सापाला आधी उताणा करा

कर्जत-खालापूर पट्ट्यात साप निघाला की आधी त्याचं नाव ठरतं आणि मग तो शोधला जातो. ओरडा होतो तोच "नाग! नाग!" असा. तोवर कुणी काही पाहिलेलं नसतं. पाहिलेलं असतं ते पेंढ्यात शिरणारं वीतभर शेपूट, आणि ते ज्या पोराने पाहिलं ते पोर आता आंब्यावर चढून बसलेलं असतं. पण नाव पक्कं. मग जमणारी मंडळी साप बघायला जमत नाहीत, नाग बघायलाच जमतात. पेंढ्यातून अगदी मोटरची तुटकी नळी निघाली, तरी नाग मागच्या अंगाने निसटला असंच संध्याकाळी पारावर सांगितलं जातं.

मी दगडापाण्याची बाई. भूजलाच्या सर्वेक्षणासाठी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर या दोन तालुक्यांतल्या विहिरी मोजत फिरायचं, हे माझं काम. विहिरीत टेप सोडायचा, पाण्याची पातळी वहीत लिहायची, आजूबाजूच्या कातळातल्या भेगा बघायच्या आणि पुढची वाडी गाठायची. या कामात सापाचा काही संबंध येत नाही, असं काम देणाऱ्यांना वाटतं. पण विहिरीच्या कपारी, दगडी बांध, सुकलेले ओढे, कातळाखालची ओल हे सगळे सापांचेच राहते पत्ते. आपण तिथे न कळवता आलेले पाहुणे. निदान घरमालकाचं नाव तरी माहीत असावं म्हणून मी साप ओळखायला शिकायचं ठरवलं.

वाळवंटात काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचा मला फार हेवा वाटतो. वाळू चुगली करते. रात्री कोण कुठून आलं आणि कुठे गेलं, ते सकाळी खाली लिहिलेलं असतं. फुरसं अंग तिरकं टाकत गेलं की तिरप्या रेघांची ओळ उमटते, ती बघायची आणि पाय कुठे ठेवायचा ते ठरवायचं. आमच्याकडे जून लागला की सगळंच हिरवं, ओलं आणि लांब. वेल लांब, मुळं लांब, मोटरची केबल लांब, गाईचं दावं लांब. शंकराचार्यांनी दोरीला साप समजणाऱ्या माणसाचा दाखला दिला आणि त्यावर केवढं तत्त्वज्ञान उभं राहिलं. त्यांचा तो माणूस घाबरला, पण सुखरूप घरी गेला. कर्जतच्या पावसात माणसं सापाला दोरी समजतात आणि अंधारात दावं म्हणून उचलायला जातात. यावर भाष्य लिहायला अजून कुणी आचार्य आलेले नाहीत.

पुस्तकं नाहीत असं मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रँक वॉल नावाच्या एका लष्करी डॉक्टरने हिंदुस्थानातले विषारी साप कसे ओळखावेत यावर पुस्तिका लिहिली आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ती छापली. त्या धाटणीचा तक्ता प्राणिशास्त्राच्या मुलांना आजही पाठ करावा लागतो. माझ्या एका मैत्रिणीने तो मला तोंडपाठ म्हणून दाखवला. तो असा.

साप दिसला की आधी शेपूट बघा. चपटं असेल तर समुद्रातला साप, विषारी. (कर्जतला समुद्र नसल्यामुळे ही परीक्षा तालुक्यातले सगळे साप पास होतात.) शेपूट गोल असेल तर सापाला उताणा करा. पोटावरचे पट्टे पोटाच्या पूर्ण रुंदीचे आहेत की अर्धेमुर्धे, ते पाहा. अर्धेमुर्धे असतील तर बिनविषारी. पूर्ण असतील तर सापाला पुन्हा सुलटा करा आणि डोकं बघा. डोक्यावर बारीक बारीक खवले असतील तर घोणस-फुरशाचं खानदान. त्यातही डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये खळगा असेल तर चापडा. डोक्यावर मोठे खवले असतील तर वरच्या ओठाचा तिसरा खवला मागे डोळ्याला आणि पुढे नाकाच्या खवल्याला, असा दोन्हीकडे टेकतो का ते तपासा. टेकला तर नाग किंवा पोवळा साप. नाही टेकला, तर पाठीच्या मधल्या ओळीतले खवले मोठे आणि षटकोनी आहेत का आणि खालच्या ओठाचा चौथा खवला सगळ्यांत मोठा आहे का, ते बघा. तसं असेल तर मण्यार.

हे सगळं बरोबर आहे. एका अक्षराची चूक नाही. फक्त हा तक्ता बाटलीतल्या सापासाठी आहे. स्पिरिटमधला साप उताणा होतो, सुलटा होतो, ओठ दाखवतो, वाटल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवतो. बांधावरचा साप दोन सेकंद दिसतो आणि त्या दोन सेकंदांत आपल्याकडे पाठ करून असतो. तेव्हा त्याच्या वरच्या ओठाचा तिसरा खवला ज्याला दिसला, त्याला पुढची माहिती वहीत लिहायला बहुधा वेळ मिळणार नाही.

बाटल्यांवरून आठवलं. ही सोसायटी १८८३ साली निघाली. लवकरच तिचा संग्रह एच. एम. फिप्सन या गृहस्थांच्या फोर्टातल्या दुकानाच्या मागच्या खोल्यांत गेला. फिप्सन सोसायटीचे मानद सचिव आणि व्यवसायाने दारूचे व्यापारी. नमुने ठेवायला बाटल्या कुठून येत असतील, ही काळजी सभासदांना फारशी पडली नसावी. सह्याद्रीतल्या एका खापरखवल्याला त्यांचं नाव मिळालं आहे, युरोपेल्टिस फिप्सोनी. हा खापरखवल्या पाहण्यासारखा प्राणी. घाटातल्या ओल्या मातीत राहतो, गांडुळं खातो, आणि त्याचं शेपूट कुणीतरी कोयत्याने तिरपं छाटल्यासारखं असतं. त्या छाटलेल्या टोकावर माती चिकटून बसते आणि बीळ मागून आपोआप बंद होतं.

पहिल्या पावसानंतर विहिरीजवळ भोक पाडून माती काढली की या लहानग्यांची वरात निघते आणि ओळख पटवण्याचा खरा गोंधळ सुरू होतो. गांडूळ कुठलं, वाळा कुठला, खापरखवल्या कुठला? वाळा हा आंधळा, कुंडीतसुद्धा राहणारा, बुटाच्या नाडीहून मोठा नसलेला साप. त्यात भर म्हणून देवगांडूळ. ते गांडूळही नाही आणि सापही नाही, बेडकाच्या गोतातला बिनपायांचा उभयचर आहे. खोपोलीहून घाट चढून गेलं की लागणाऱ्या खंडाळ्याच्या देवगांडुळाचं वर्णन १९६० साली शास्त्रात नोंदलं गेलं. असं चौघांचं संमेलन फावड्यावर भरलेलं असताना माझ्याबरोबरच्या मजुराने वरून एकदा नजर टाकली आणि निकाल दिला, "चारी विषारी." चारांपैकी एकाचंही तोंड माणसाला चावण्याइतकं उघडत नाही. गांडुळावर हा आळ मी तरी पहिल्यांदाच ऐकला.

पण ही किरकोळ प्रकरणं. खरी ओळखपरेड विहिरीवर होते. मे महिन्यात, घाटाच्या पायथ्याच्या खालापुरातल्या एका वाडीत मी टेप काढला तर पोलीस पाटील धावत आले. "मॅडम, टेप सोडू नका, खाली नाग बसलाय." विहिरीच्या काठाला तोवर माणसांचं कडं झालं होतं. सगळे एका वेळी वाकून बघत होते, त्यामुळे आत उजेड जायला जागाच उरली नव्हती.

"नाग कुठला? धामण आहे ती," एक आजी म्हणाल्या. "नागाची बाईल."

"मग मी तेच म्हणतोय ना," पाटील म्हणाले. "घर एकच."

धामणीवर हा अन्याय फार जुना आहे. धामणींमध्ये नर असतात आणि माद्या असतात, नागांमध्येही असतात, आणि दोन्ही घराण्यांत सोयरीक होत नाही. पावसाच्या सुमारास दोन धामणी एकमेकींना पिळे घालत उभ्या राहतात, त्याला लोक नाग-धामणीचं मीलन समजतात आणि बरकत यावी म्हणून त्यांच्यावर नवं उपरणं टाकून ते तिजोरीत जपून ठेवतात. ते दोघेही नर असतात आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. कुस्तीच्या फडात टॉवेल टाकला की काय होतं हे कोल्हापूरकरांना माहीत असेल, बरकत येते असं मी तरी ऐकलेलं नाही. धामण म्हशीच्या पायाला विळखा घालून दूध पिते ही दुसरी बदनामी. सापाला दूध पचत नाही आणि आचळ ओढता येईल असे ओठही त्याला नसतात. तरी दूध कमी निघालं की डेअरीत धामणीचं नाव सांगता येतं आणि घरातल्या माणसाची अब्रू राहते. या सोयीपुढे शास्त्राचं काय चालणार.

इकडे विहिरीवर एका तरुणाने फोटो काढून ग्रुपवर टाकला होता. फोटोत विहिरीतला अंधार उत्तम आला होता. दोन मिनिटांत निकाल यायला लागले. एकाचा किंग कोब्रा. किंग कोब्रा महाराष्ट्रात बघायचा तर पार सिंधुदुर्गात, गोव्याला टेकलेल्या रानात जावं लागतं. दुसऱ्याचा ॲनाकोंडा. तो दक्षिण अमेरिकेतला, आणि तिथून खोपोलीला यायचं तर कर्जतला गाडी बदलावी लागते.

तेवढ्यात कातकरीवाडीतले एक मामा खांद्यावर लाकडाची मोळी घेऊन चालले होते. मोळी खाली न ठेवता त्यांनी कडेने मान आत घातली, म्हणाले, "दिवड," आणि चालू लागले.

मी मागे धावले. "मामा, कशावरून?"

"बसलाय कसा बगा ना, ताई. नाग पान्यात पडला तर त्याला भायेर पडायची घाई. ह्यो आपल्या घरात बसल्यावानी बसलाय."

मी परत येऊन कडं थोडं मागे सरकवलं, उजेड आत जाऊ दिला आणि दुर्बीण लावली. कपारीच्या दगडावर हनुवटी टेकवून बाकीचं अंग पाण्यात सोडलेलं. पिवळसर अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे ठिपके, आणि डोळ्यापासून ओठाकडे उतरलेल्या दोन तिरप्या काळ्या रेघा, काजळ ओघळल्यासारख्या. दिवडच. बिनविषारी, पण स्वभावाने कडक. धरायला गेलं तर कडकडून चावणारं. त्याने माझ्याकडे पाहिलं, जीभ दोनदा बाहेर काढली आणि एका बेडकाकडे लक्ष वळवलं. पाण्याची पातळी मी त्याच्या देखतच मोजली.

मामांनी खवला मोजला नाही, पोट पाहिलं नाही. कातकरी माणूस लहानपणापासून भाताच्या बांधावर उंदरांची बिळं खणतो. उंदराच्या बिळातून कधी उंदराऐवजी दुसरंच काही निघतं, त्यामुळे ओळख चुकवणं त्याला परवडणारं नसतं. तमिळनाडूत अशाच नजरेच्या इरुला लोकांची १९७८ साली सहकारी संस्था झाली, आणि देशातलं सर्पविषावरचं औषध बनवण्यासाठी लागणारं बरंचसं विष ते काढून देतात. आमच्या मामांना तीच नजर घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जावं लागतं. ओळखपरेडीत त्यांचं मत कुणी विचारत नाही, कारण त्यांच्याकडे स्मार्टफोन नसतो.

आता कर्जतकडे. कर्जतमध्ये भात आहे, भाताचं संशोधन केंद्र आहे, त्या केंद्राच्या वाणांची नावंसुद्धा कर्जत अमुक आणि कर्जत तमुक अशी आहेत. भात आला की उंदीर येतो, उंदीर आला की साप येतो, आणि हे सगळं स्थिरस्थावर झालं की मुंबईचा माणूस फार्महाऊस बांधायला येतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते नागाच्या बाबतीत शंभर टक्के खरं. नाग बीळ खणत नाही, उंदराने खणलेल्या बिळात राहायला जातो. पण निदान तो भिंत घालून गेटवर "खासगी मालमत्ता" अशी पाटी लावत नाही.

अशाच एका फार्महाऊसची विहीर मोजून निघताना मालकांनी मला हाक मारली. "तुम्ही सायन्सवाल्या ना? जरा बघा." व्हरांड्याच्या भिंतीवर, ट्यूबलाइटच्या वर, तपकिरी अंगाचा, पांढुरक्या आडव्या पट्ट्यांचा हातभर साप चढला होता. मालकांनी फोनवर बघून सांगितलं, "क्रेट. हायली व्हेनमस." वॉचमनने त्याचं भाषांतर केलं, "मण्यार, साहेब. पाणी मागत नाही माणूस." मालकांच्या पाहुण्यांनी गाडीच्या काचा वर केल्या. त्यांची गाडी अंगणात होती आणि साप भिंतीवर, पण खबरदारी घेतलेली बरी.

स्वयंपाकघराच्या दारात मावशी हात पुसत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कवड्या हाय तो. रोज येतो दिव्यावरच्या पाली खायला." त्यांचं म्हणणं कुणाच्या कानापर्यंत गेलं नाही, कारण तोवर सर्पमित्राला फोन लागला होता.

मण्यार आणि कवड्या यांच्यातला फरक कळायला सोपा आहे. कवड्याचे पट्टे मानेजवळ ठसठशीत सुरू होतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचं उलटं. डोक्याजवळचा भाग बराचसा कोरा, पुढे पांढऱ्या रेघा, त्याही बऱ्याचदा जोडीजोडीने, आणि शेपटीपर्यंत ठळक. अंग निळसर काळं, चकचकीत. कवड्या भिंतीवर सरसर चढतो, मण्यार असल्या फंदात सहसा पडत नाही. सोपं आहे. अट एवढीच की साप तोंडापासून शेपटीपर्यंत एका रेषेत, चांगल्या उजेडात, निवांत पडलेला पाहिजे, आणि बघणारासुद्धा निवांत पाहिजे. रात्री अकराला, चप्पल शोधताना, लाइट गेलेली असताना, ही अट पुरी होत नाही.

सर्पमित्र मोटारसायकलवरून आला. मुलगा हुशार होता. दोन पावलांवरून त्याने कवड्या ओळखला, हळूच मावशींकडे बघून मान हलवली आणि साप बरणीत घातला. पण मालकांचा चेहरा इतका पडला की बिचाऱ्याला "लांबून दिसायला सेम मण्यारच" असं म्हणावं लागलं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर बातमी फिरली, "अतिविषारी दुर्मिळ सापाला जीवदान." आमच्याकडचा प्रत्येक साप दुर्मिळ असतो. मराठी मुलखात इतके दुर्मिळ साप इतक्या संख्येने कसे निघतात, याचा अभ्यास व्हायला हवा. सर्पमित्रांमध्ये कामाची माणसं पुष्कळ आहेत. नागाच्या फण्याचं चुंबन घेत फोटो काढणारेही आहेत. पहिल्या जातीला संरक्षण मिळावं, दुसरी आपोआप दुर्मिळ होत जाते.

याच तालुक्यातल्या माथेरानला एका हॉलिडे होममध्ये नीलिमकुमार खैरे नोकरीला होते. तिथे जागोजाग साप निघायचे आणि लोक मारायचे, म्हणून ते पकडून रानात सोडायला लागले. पुढे १९८० साली ते पुण्यात काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास बसले. साप विनाकारण चावत नाही हे लोकांना पटवायचं होतं. पुण्याच्या लोकांना काही पटवायचं तर इतपत करावंच लागतं. कात्रजचं सर्पोद्यान त्यांच्याच धडपडीतून उभं राहिलं. व्हरांड्यातला कवड्या बघून काचा वर करणाऱ्यांना हे कुणी सांगितलं असतं तर त्यांनी गाडी थेट खालापूरच्या टोलनाक्यावर नेऊन थांबवली असती.

थट्टा पुरे, मण्यारीबद्दल एक गोष्ट थट्टेत जाऊ नये. ती रात्री हिंडते, उबेला जमिनीवरच्या अंथरुणात शिरते, आणि तिचा चावा बऱ्याचदा कळतसुद्धा नाही. दाताची खूण धड दिसत नाही, सूज नाही. माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठतो, पापण्या मिटायला लागतात आणि श्वास अडकतो. राजस्थानच्या वाळवंटात लोक मानतात की पीवणा नावाचा साप झोपलेल्या माणसाचा श्वास पिऊन टाकतो. तो पीवणा म्हणजे तिकडची मण्यारच. गोष्ट कल्पनेतली असली तरी ज्यांनी ती रचली त्यांनी लक्षण अचूक टिपलं होतं. कुडाच्या घरात जमिनीवर झोपणाऱ्याने मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या तर तेवढ्याने हा धोका पुष्कळ कमी होतो.

दुसरी गंभीर गोष्ट घोणशीची. घोणस दिसली की कुणीतरी हमखास म्हणतं, "अजगराचं पिल्लू आहे, उचला." सहलीला आलेल्या तरुणांमध्ये असा जाणकार एक तरी असतोच. अजगराच्या अंगावरचे ठिपके ओबडधोबड, कसेही पसरलेले. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या तीन ओळी, प्रत्येक ठिपका काठ मारून काढलेला. आणि घोणस बोलते. कुकरच्या शिट्टीसारखा तिचा फुत्कार एकदा ऐकला की घरी कुकर लावताना हात दचकतो. भातकापणीत पेंढी उचलताना मजुराचा हात जिथे पडतो, तिथेच ती उंदरासाठी दबा धरून असते. अशा वेळी कुणी तिसरा खवला मोजत नाही. पेंढी आधी काठीने उलथायची, मग हात घालायचा.

हिरव्यांचं थोडक्यात सांगते. पातळ, लांब, टोकदार नाकाचा आणि फांदीचं सोंग घेऊन बसलेला तो हरणटोळ. तो टाळूवर झेप घेतो म्हणतात. टाळूवर बसलेला हरणटोळ मला अजून कुणी दाखवलेला नाही. जाडसर, तिकोनी डोक्याचा, कारवीत हलायचं नाव न घेणारा तो चापडा. त्याला तिथेच राहू द्यावं. जमिनीवरून जाणारा, डिवचला की मान चपटी करून नागाचा आव आणणारा तो गवत्या. गाव त्यालाही नाग म्हणतं आणि त्याचं समाधान होतं.

शास्त्रज्ञांकडे जावं तर त्यांची स्वतःचीच नावं स्थिर नाहीत. दिवडाला शास्त्रात झेनोक्रोफिस म्हणायचे, २०१८ सालापासून ते फाउलिया झालं. आमच्या घाटातला हरणटोळ २०२० साली सबंध वेगळी जात ठरला, अहेटुला बोरिॲलिस. चापड्याचं आडनाव २०२१ साली बदललं. हे सगळं जनुकं तपासून, रीतसर प्रसिद्ध करून झालेलं आहे आणि मला त्याबद्दल आदर आहे. फक्त विहिरीतल्या दिवडाला अजून कुणी कळवलेलं नाही, आणि मामांनाही.

एकदा कुतूहल म्हणून मी एका डॉक्टरांना विचारलं, की चावलेला माणूस आणला की साप कुठला हे तुम्ही कसं ओळखता? ते म्हणाले, आम्ही साप बघतच नाही, माणूस बघतो. पापण्या मिटतायत का, श्वास कसा आहे, सूज कितपत आहे. रक्त स्वच्छ काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवायचं आणि गोठतं का ते बघायचं. आणि औषध? आपल्याकडे मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच आहे. घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. कुपी फोडताना नाव विचारावं लागत नाही. (चापडा मात्र त्या लशीत नाही, त्याला लक्षणांप्रमाणे उपचार.)

म्हणजे पारावर, विहिरीवर, व्हरांड्यात आणि ग्रुपवर ज्या नावासाठी एवढी हाणामारी चालते, ते नाव ज्या घटकेला खरोखर जिवाशी गाठ असते त्या घटकेला बहुधा लागतच नाही. तरी लोक सापाच्या मागे लागतात. रुग्ण खाटेवर आणि चौघे जण काठ्या घेऊन साप मारायला. मग तो मेलेला साप पिशवीतून दवाखान्यात आणतात आणि टेबलावर ठेवतात. मेलेल्या सापाचं डोकंही काही वेळ चावू शकतं, हे नर्सबाईंना माहीत असतं, पिशवी आणणाऱ्याला नसतं.

म्हणून एवढंच करा. कुणाला पान लागलं तर साप जाऊ द्या. दोरी आवळू नका, ब्लेड मारू नका, रक्त चोखू नका, मांत्रिकाकडे वाट वाकडी करू नका. अंगठ्या, बांगड्या, जोडवी काढा. चावलेला हात किंवा पाय हलू न देता फळीला सैलसर बांधा, माणसाला चालू देऊ नका, आणि १०८ ला फोन लावा. कर्जतचं उपजिल्हा रुग्णालय जवळ असेल तर थेट तिथे. सापाचं नाव काय होतं यावर वाद घालायला तुम्हाला सगळा पावसाळा पडला आहे.